एसीचा गॅस 'संपला' असे सांगून झालेली फसवणूक
गाडीचा एसी पुरेसा गार होईना, म्हणून मी एका गॅरेजमध्ये गेलो. तेथील मेकॅनिकने कोणतीही तपासणी न करता "गॅस संपलाय, दरवर्षी भरावाच लागतो," असे सांगून गॅस भरला आणि पैसे घेतले. काही आठवड्यांतच थंडावा पुन्हा गेला. पुन्हा गॅस भरला गेला आणि अखेर कंप्रेसरच (गॅस दाबून फिरवणारा पंप) बदलावा लागेल, असे मला सांगण्यात आले. दुसऱ्या एका जाणकार कारागिराने यंत्रणेत दाबाने नायट्रोजन भरून सांध्यांवर साबणाचे पाणी लावले, तेव्हा कंडेन्सरच्या (गॅसमधील उष्णता बाहेर टाकणारी, गाडीच्या पुढच्या भागातील जाळी) नळीवरील झिजलेल्या ओ-रिंगपाशी (सांधा घट्ट बंद ठेवणारे रबरी कडे) बुडबुडे आले. कंप्रेसर उत्तम स्थितीत होता.

एसीचा गॅस इंधनासारखा जळून संपत नाही. कंप्रेसर, कंडेन्सर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (गॅसचा दाब एकदम कमी करणारी झडप) आणि कूलिंग कॉइल (केबिनमधील हवा गार करणारी नळ्यांची जाळी) यांच्या बंदिस्त मार्गातून तोच गॅस फिरत राहतो. रबरी नळ्यांतून तो अनेक वर्षांत थोडासा झिरपतो हे खरे, परंतु भरलेला गॅस एकाच हंगामात कमी होत असेल, तर गळती आहे असेच समजावे. ती न शोधता गॅस भरणे म्हणजे गिऱ्हाईक परत येईल याची तजवीज करणे होय, आणि मला अधिक संताप याचा येतो की गळतीवाटे गॅसबरोबर वंगणतेलही जात असल्याने धडधाकट कंप्रेसर पुढे खरोखरच निकामी होऊ शकतो.

गॅस अंदाजाने भरण्याचा विषय नाही. बहुतेक गाड्यांच्या बॉनेटखालील स्टिकरवर गॅसचा प्रकार (आर-१३४ए किंवा आर-१२३४वायएफ) आणि त्याचे ग्रॅममधील वजन छापलेले असते. भरण्यापूर्वी व्हॅक्यूम पंपाने आतली हवा व ओलावा काढावा लागतो. गॅस जास्त झाला तर दाब वाढून थंडावा उलट कमी होतो, आणि मग कंप्रेसरवर ठपका ठेवणे सोपे जाते.

गाडीखाली ठिबकणारे पाणी दाखवून "हा बघा गॅस गळतोय" असे कोणी म्हणाले, तर त्यावर मुळीच विश्वास ठेवू नका. ते कूलिंग कॉइलवर हवेतील बाष्प साचून झालेले पाणी असते. गॅसचा विचार करण्याआधी केबिन फिल्टर (गाडीत येणारी हवा गाळणारी जाळी), धुळीने बुजलेला कंडेन्सर आणि त्याचा पंखा तपासून घ्यावा. त्यानंतरही गॅस भरावा लागलाच, तर गळती कोठे सापडली, कोणता गॅस किती ग्रॅम भरला, हे बिलावर लिहून घ्यावे आणि बदललेला सुटा भाग परत मागावा.