कॅमेरे माझ्या घरात, मालक मात्र बसवणारा

तीन कॅमेरे, वायरिंग आणि ‘सगळं चालू करून देतो’ धरून १४,२०० मोजले. बसवणाऱ्याने ते नोंदवले स्वतःच्या ईमेलवर, आणि मला दिली नुसती बघण्याची परवानगी.

क्यूआर कोड त्याने स्वतःच्या मोबाईलवर स्कॅन केला तेव्हा मी शेजारीच उभी होते. “आधी टेस्ट करतो, मग तुम्हाला पाठवतो.” माझ्या ॲपमध्ये कॅमेऱ्याच्या नावाखाली बारीक अक्षरांत ‘शेअर्ड डिव्हाइस’ असं दिसायचं. रोज! डोळ्यांसमोर! मला वाटलं, घरात दोघांच्या फोनवर चालतं म्हणून शेअर्ड. वाटणारच ना? पैसे मोजून आणलेल्या वस्तूचा मालक कोण, हे कोण तपासतं? तुम्ही मात्र तपासा, आजच.

एक दिवस चित्र बंद. फोन केला तर म्हणे वार्षिक मेंटेनन्स ३,६००. भरले. पुढच्या खेपेला ६,००० मागितले. नाही म्हटल्यावर त्याने हॉलमधल्या आमच्या भांडणाची क्लिप पाठवली, आवाजासकट. खाली “बॅकअप माझ्याकडे सेफ आहे, काळजी नको.” घाबरून तेही दिले. एकूण २३,८००. (घरातल्या कॅमेऱ्याचा माइक बंद ठेवा.)

रीसेटचं बटण दाबून पाहिलं. त्याने वाय-फायची सेटिंग पुसली गेली, मालकीची नोंद कंपनीच्या सर्व्हरवर तशीच. कंपनी म्हणते, नोंदणीकृत ईमेलवरूनच विनंती करा. म्हणजे त्याच्याच! बिल पाठवलं, सिरीयल नंबरचा फोटो पाठवला. उत्तर शब्दन्‌शब्द तेच. पोलीस ठाण्यात ऐकायला मिळालं, “तुम्हीच बोलावून लावून घेतला ना? मग हॅकिंग कसलं?” पुरावा म्हणून क्लिप दाखवली, तर साहेबांनी शेजारच्या टेबलावरच्यालाही बोलावून दाखवली. वर सल्ला, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, ठाण्यात जा. शेवटी कागदावर काय लिहिलं? ‘सर्व्हिसच्या पैशांवरून वाद’. धमकीचा उल्लेखही नाही!

मला बावळट म्हणणाऱ्यांनी ‘रिंग’ या घरगुती कॅमेरे विकणाऱ्या अमेरिकी कंपनीचं प्रकरण वाचावं. ग्राहकांचे खासगी व्हिडिओ कंपनीचेच कर्मचारी बघत होते, असा आरोप अमेरिकेच्या एफटीसीने, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, २०२३ मध्ये केला. ५८ लाख डॉलरवर तडजोड झाली. आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक सॉफ्टवेअरने असलेच पासवर्ड वापरून कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. कोड आपल्याच फोनवर स्कॅन करा, कितीही घाई असू दे त्याला.

कॅमेरे उतरवून ठेवलेत. जुन्यात विकावेत, तर घेणाऱ्याच्या खात्यावर जोडलेही जाणार नाहीत. मालक अजून तोच आहे.