विल्यम मार्शल की सिमॉन द मॉन्टफर्ट?

मध्ययुगीन इंग्लंडमधला एकच सरदार अभ्यासायचा तर कोणता, असं भाचीने विचारलं. माझ्यासमोर ही दोनच नावं आली.

घराणं? मार्शल घरातला धाकटा मुलगा, लहानपणी राजाकडे ओलीस राहिलेला. 1189 मध्ये मोठ्या जहागिरीची वारस इझाबेल द क्लेअर हिच्याशी लग्न झालं आणि नशीब फळफळलं. पाच मुलगे झाले; 1245 पर्यंत पाचही औरस वारसाविना गेले. सिमॉनने 1238 मध्ये राजा तिसऱ्या हेन्रीची बहीण एलिनॉर हिच्याशी लग्न केलं. गंमत म्हणजे ती मार्शलचीच थोरली सून, विधवा झालेली! 1265 मध्ये तिच्याच भाच्याच्या फौजेने सिमॉनला मारलं.

साधनं? मार्शलचं पद्यचरित्र मुलाने लिहवून घेतलेलं, म्हणजे कौतुकच फार. एलिनॉरचे 1265 चे घरखर्चाचे हिशेब मात्र कोरडे, भरवशाचे.

लढाया, शौर्य हवं तर मार्शल. मुदपाकखाना आणि राजकारण हवं तर सिमॉन.