एडच्या रकान्यात ‘नाही’ होतं आणि मी ते वाचलं होतं

पाच लाख बारा हजार रुपये. लेकीच्या अमेरिकेतल्या प्रवेशासाठी एका कन्सल्टंटनं आमच्याकडून एवढे घेतले आणि फसवलं. आकडा आधीच सांगते, कारण गेले चार महिने नातेवाइकांत तो कधी दोन लाख होतो, कधी दहा. नोंदणीचे 45 हजार, दहा कॉलेजांची अर्ज-फी म्हणून 95 हजार, एडच्या, म्हणजे कॉलेजच्या आर्थिक मदतीच्या फाइलचे 35 हजार, स्कॉलरशिपचं डिपॉझिट 2 लाख 75 हजार, सेविस (अमेरिकेतली परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंदणी) आणि व्हिसाचे 62 हजार. शेवटचे 62 हजार रोख दिले. पावती नाही.

आम्ही वडोदऱ्याचे, दांडिया बाजारातले. मी शाळेत शिकवते, हे मकरपुऱ्याला कारखान्यात आहेत. लेकीला सॅटमध्ये, म्हणजे तिकडच्या कॉलेज-प्रवेशाच्या परीक्षेत, 1600 पैकी 1460 मिळाले आणि तिला अमेरिकेत अर्थशास्त्र शिकायचं होतं. एड मिळाली तरच जायचं, हे घरात पहिल्या दिवशीच ठरलं होतं. तिकडच्या नामांकित खासगी कॉलेजांचा खर्च वर्षाला 80 हजार डॉलरच्या वर जातो. आता लोक विचारतात, ‘ऐपत नव्हती तर गेलात कशाला?’ ऐपत नव्हती म्हणूनच तर एड मागायला गेलो. त्यात आमचं काय चुकलं?

कन्सल्टन्सीवाले कसे गंडवतात हे मला काय माहीत नव्हतं? खोट्या ऑफर लेटरच्या बातम्या मीही वाचते. म्हणूनच फतेगंज, सयाजीगंजमधल्या तीन ठिकाणी जाऊन परत आलो होतो. हा कन्सल्टंट भेटला सप्टेंबर 2024 मध्ये, गणपतीच्या मंडपात. स्वच्छ मराठी, सासूबाईंच्या पाया पडला, दुसऱ्या दिवसापासून मला काकू म्हणायला लागला. अलकापुरीतल्या त्याच्या केबिनमध्ये सयाजीराव महाराजांची तसबीर होती. म्हणाला, ‘काकू, 1913 साली महाराजांनी शिष्यवृत्ती देऊन बाबासाहेबांना कोलंबियाला पाठवलं. पैसा नाही म्हणून बडोद्याची हुशार पोर घरी बसणार नाही.’ माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. महाराजांचं नाव पुढे करून त्यानं आमचा खिसा कापला. हे आठवलं की अजून अंगाची लाही होते.

पहिलंच काम त्यानं केलं ते लेकीच्या नावानं नवीन ईमेल काढण्याचं. पासवर्ड त्याच्याकडे. ‘सगळे मेल एका जागी राहतात, काही चुकत नाही.’ कॉमन अ‍ॅप, म्हणजे एकाच फॉर्मवरून अनेक कॉलेजांना अर्ज करायची वेबसाइट, तिथलं खातंही त्याच ईमेलवर. कॉमन अ‍ॅपचं खातं उघडायला एक पैसा लागत नाही, आणि अर्जाच्या शेवटी ‘हे सगळं माझं आहे, खरं आहे’ अशी सही मुलाची असते, कन्सल्टंटची नसते. तो पासवर्ड मुलाकडेच हवा. आईबापांकडेही नको.

एडच्या फाइलसाठी 35 हजार घेतले तेव्हा पावतीवर ‘फाफ्सा आणि सीएसएस’ असं लिहिलं होतं. फाफ्सा हा अमेरिकन सरकारच्या मदतीचा फॉर्म. तो अमेरिकेच्या नागरिकांसाठी आणि तिथे कायम राहण्याचा हक्क असलेल्यांसारख्या काही मोजक्या लोकांसाठी आहे. आपल्या मुलांना तो लागू नाही, आणि ज्यांना लागू आहे त्यांनाही फुकट आहे. सीएसएस प्रोफाइल, म्हणजे कॉलेजच्या स्वतःच्या मदतीसाठी घरचा पैशाचा हिशेब देण्याचा फॉर्म, तो मात्र आपल्या मुलांनाही लागू असतो. काही कॉलेजं ते मागतात, पहिल्या कॉलेजला 25 डॉलर आणि पुढच्या प्रत्येकाला 16 डॉलर. दहाच्या दहा कॉलेजांना भरलं असतं तरी 169 डॉलर झाले असते, म्हणजे पंधरा हजारांच्या आत. त्यानं एकालाही भरलं नव्हतं. यांचं फॉर्म 16, सासऱ्यांच्या एफडीचे कागद, घरपट्टीची पावती, सगळं नेऊन दिलं होतं. ते कागद अजून त्याच्याकडे आहेत.

आता 28 डिसेंबरची रात्र. ती मी रोज आठवते. 1 जानेवारीची शेवटची तारीख होती. रात्री साडेनऊला त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर एका अर्जाची पीडीएफ पाठवली, ‘नजर टाका काकू, उद्या पाठवतो.’ मी आणि लेक दोघी मिळून वाचत होतो. त्यात प्रश्न होता, गरजेवर आधारित आर्थिक मदत मागणार आहात का? पुढे उत्तर: नाही. लेक म्हणाली, ‘आई, इथे हो पाहिजे ना?’ मलाही तेच वाटलं. मी लगेच फोन केला. तो शांतपणे म्हणाला, ‘हो लिहिलं की फाइल बाजूला पडते. आधी नाही लिहून आत शिरायचं, मग एड आतून काढायची. माझी तिथे ओळख आहे.’

आणि मी गप्प बसले. का बसले तेही सांगते. त्याचं पहिलं वाक्य खोटं नव्हतं. परदेशी मुलांची पैशाची गरज न बघता प्रवेश ठरवणारी आणि मग लागेल तेवढी सगळी मदत देणारी कॉलेजं मोजकीच आहेत: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट आणि आणखी थोडी. बाकी बहुतेक ठिकाणी एड मागितली की प्रवेश अवघड होतो. हे मी स्वतः वाचलं होतं, म्हणून त्याचं बोलणं मला जाणकाराचं वाटलं. पुढचा नियम मात्र मी वाचला नव्हता. यातल्या कितीतरी कॉलेजांत परदेशी विद्यार्थ्यानं अर्जाच्या वेळी एड मागितली नाही, तर पुढे चारही वर्षं मागता येत नाही. कॉलेजच्या आर्थिक मदतीच्या पानावर हे उघड लिहिलेलं असतं. ते पान उघडून वाचायला पाच मिनिटं लागली असती. मी लेकीला म्हटलं, ‘त्यांना जास्त कळतं, तू झोप.’ त्या एका शब्दानं तिचं वर्ष गेलं, आणि तो शब्द तिनंच मला बोट ठेवून दाखवला होता.

मार्चअखेर एका कॉलेजात प्रवेश मिळाला. तो खरा होता. 3 एप्रिलला दुसरं पत्र आलं, वर्षाला 52 हजार डॉलर स्कॉलरशिप. खाली सही, शिक्का, सगळं. खरं एडचं पत्र मुलाच्या कॉलेज-पोर्टलमध्ये येतं. हे आलं त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून. पाठवणाऱ्याचा म्हणून दाखवलेला ईमेल पत्ता अमेरिकन कॉलेजांचा असतो तसा डॉट ईडीयूचा नव्हता, हे आम्ही जूनमध्ये पाहिलं. ‘1 मेच्या आत सीट लॉक करायची, नाहीतर स्कॉलरशिप दुसऱ्याला जाईल.’ 24 एप्रिलला सासऱ्यांची एफडी मोडून 2 लाख 75 हजार आयएमपीएस केले. कोणाला? एका माणसाच्या बचत खात्यात, वडोदऱ्यातल्याच शाखेत. अमेरिकेतल्या कॉलेजची फी पोर्टलवरून किंवा बँकेच्या परदेशी रेमिटन्सनं जाते, त्याला बँकेत फॉर्म भरावा लागतो. बचत खात्याचा नंबर आणि आयएफएससी कोड कोणी पाठवला, तर तिथेच थांबा.

मग सेविसचे पैसे. सेविसची फी तेव्हा 350 डॉलर होती आणि व्हिसाची 185, मिळून 535 डॉलर, तेव्हाच्या भावानं 46 हजारांच्या आसपास. त्यानं 62 हजार रोख घेतले, आणि तेही आय-20, म्हणजे व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद, हातात नसताना. सेविसचा नंबर आय-20 वर छापलेला असतो, तो टाकल्याशिवाय फी भरताच येत नाही. आय-20 कुठे आहे विचारलं की ‘येतोय’. मग 27 मेला अमेरिकेनं विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती देणं थांबवलं आणि त्याला आयतं कारण मिळालं. ‘बातम्या बघा काकू, सगळ्यांचंच अडलंय.’ बातमी खरी होती. 18 जूनला ते पुन्हा सुरू झालं आणि याचा फोन बंद.

23 जूनला लेकीनं कॉलेजला थेट मेल केला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: प्रवेश दिला होता, एडचा अर्ज नव्हता, ते पत्र आमचं नाही, 1 मेपर्यंत तुमचा होकार आला नाही म्हणून जागा गेली. आठ महिने हा मेल आम्ही का केला नाही? कारण त्यानं सांगितलं होतं, ‘पालकांनी लिहिलेलं कॉलेजला आवडत नाही.’ पासवर्ड बदलून कॉमन अ‍ॅप उघडलं तेव्हा दहापैकी चारच अर्ज गेलेले दिसले. सहा कॉलेजांचे 57 हजार नुसते खाल्ले. निबंधात त्यानं, लेकीनं झोपडपट्टीत शाळा काढली, असं खोटंच लिहिलं होतं. ती ते वाचून रडली. पैशांसाठी रडली नव्हती.

पोलिसांचं काय सांगू? चौकीत दोन तास बसवलं आणि म्हणाले, ‘बेन, आ तो सिविल मॅटर छे.’ तुम्ही करार केला, पैसे स्वतः दिले, मग फसवणूक कसली? खोटं पत्र समोर ठेवलं तर म्हणे अमेरिकेचं आहे, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, माणूस समोर बसून पैसे घेत होता, हे सायबर नाही, चौकीत जा. परत चौकी. तिथले साहेब बंदोबस्ताला. यांनी चार दिवस रजा टाकली. भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचंच आहे ना? मी ते छापून नेलं, तर हवालदार हसला आणि ‘भणेला छो तो फसाया केम?’ म्हणाला. शिकलेल्या माणसाला फसवलं तर तो गुन्हा होत नाही का? 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, त्यांनी तक्रार घेतली, पण आयएमपीएसला दोन महिने होऊन गेले होते आणि खात्यात काही उरलं नव्हतं. 1930 ला पहिल्या काही तासांत फोन करा, घरातल्यांना काय वाटेल याचा विचार नंतर. बँकेनं लिहून दिलं की व्यवहार ग्राहकाच्या संमतीनं झाला. शेवटी पोलीस आयुक्तांना रजिस्टर पोस्टानं अर्ज पाठवला. पोचपावती आली, माणूस नाही आला.

ज्यानं फुकट मदत केली असती ते आम्हाला उशिरा कळलं. एज्युकेशनयूएसए ही अमेरिकन परराष्ट्र खात्याची सल्लासेवा आहे, ती याच विषयावर मुलांना मार्गदर्शन करते. अर्ज-फी परवडत नसेल तर माफीसाठी कॉलेजला लिहिता येतं, काही कॉलेजं ती घेतच नाहीत. आमच्याकडून प्रत्येक कॉलेजचे साडेनऊ हजार घेतले गेले.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. पाच ते दहा लाखांपर्यंत दिलेल्या पैशांसाठी तिथली फी 200 रुपये आहे आणि दोन वर्षांच्या आत जावं लागतं. करारात ‘रक्कम परत मिळणार नाही’ लिहिलंय म्हणून घाबरून घरी बसू नका, आमच्या वकिलांनी तेच आधी सांगितलं. लेक सध्या इथेच युनिव्हर्सिटीत बी.ए.ला जाते.

त्याच्याकडे पैसे दिलेली आणखी तीन घरं आम्हाला सापडली आहेत, एक कारेलीबागेतलं, दोन मांजलपूरची. दोघांकडे बँकेचे पुरावे आहेत, तिसऱ्यांनी सगळं रोख दिलं आणि मुलाच्या आजोबांना अजून सांगितलेलं नाही. ते तक्रारीत नाव द्यायला तयार नाहीत. मी त्यांना दोनदा भेटून आले. व्हॉट्सअ‍ॅपचं बोलणं पुसू नका एवढं तरी करा, असं सांगून आले आहे. आमची पुढची तारीख 14 तारखेला आहे, तोपर्यंत परत जाईन.