पहिल्या खाऱ्या टाकीवरचा एलईडी लाइट: वर्षभराच्या वापरानंतर

कोरल, म्हणजे प्रवाळ, पाळलेल्या माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीवर ॲपवर चालणारा एक एलईडी लाइट आहे. तो वापरायला लागून आता वर्ष होत आलं. टाकी ६० सेंटीमीटर लांब, ४५ रुंद, ४५ उंच. सुरुवातीला झोअँथिड, मशरूम आणि लेदर ही मऊ कोरल होती, नंतर हॅमर आणि डंकन ही मोठ्या पॉलिपची कोरल आली (पॉलिप म्हणजे कोरलमधला एकेक छोटा जीव), आणि अलीकडे वरच्या दगडावर माँटिपोरा या कोरलचा एक लहान फ्रॅग, म्हणजे तोडून लावलेला तुकडा, लावलाय. लाइटचं नाव देत नाही, कारण मला जे सांगायचंय ते या जातीच्या जवळपास सगळ्या लाइटना लागू पडतं: लहानसा डबा, मधोमध दाटीने बसवलेले निळे, जांभळे, पांढरे, लाल एलईडी, आत पंखा आणि मागच्या काचेला धरणारा दांडा.

आधी निकाल सांगते. मऊ कोरल आणि मोठ्या पॉलिपची कोरल, म्हणजे एलपीएस, पाळणाऱ्या नवख्या माणसाला असा लाइट पुरून उरतो. ताकद बहुतेकांमध्ये गरजेपेक्षा जास्तच असते. निवड करायची ती दोन गोष्टींवर: प्रकाश किती बारकाईने कमी-जास्त करता येतो, आणि तो टाकीभर किती सारखा पसरतो.

खोक्यावरचे वॉट आणि लुमेन बघून काही कळत नाही. लुमेन हे माप माणसाच्या डोळ्यासाठी आहे आणि आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरव्या उजेडाला सगळ्यात जास्त दाद देतो. कोरलच्या पेशींत राहणारी झूझँथेली नावाची सूक्ष्म शैवालं मात्र निळ्या प्रकाशावर उत्तम काम करतात, कारण समुद्रात थोडं खोल गेलं की लाल रंग पाण्यातच शोषला जातो आणि निळा उरतो. हीच शैवालं साखर बनवतात आणि कोरलला तिच्या ऊर्जेचा मोठा वाटा पुरवतात. म्हणून निळाशार, डोळ्याला मंद वाटणारा लाइट कोरलला भरपूर असू शकतो आणि लखलखीत पांढरा अपुरा पडू शकतो. बघायचा आकडा म्हणजे पार: ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला प्रकाश, एका चौरस मीटरवर सेकंदाला किती मायक्रोमोल पडतो तो. ढोबळमानाने मऊ कोरलना ५० ते १५०, बहुतेक एलपीएसना ७५ ते १५०, आणि माँटिपोरा-ॲक्रोपोरासारख्या एसपीएसना, म्हणजे लहान पॉलिपच्या कोरलना, २०० च्या वर.

लाइट आल्यावर काही दिवसांसाठी पाण्याखाली चालणारा पार मीटर उसना मिळवला. माझ्या मते या छंदात सगळ्यात उपयोगी पडलेली वस्तू तीच. निळा जोरात ठेवून मोजलं तेव्हा डब्याच्या बरोबर खाली, वरच्या दगडावर २०० च्या पुढे आकडा आला. त्याच उभ्या रेषेत वाळूवर ८० च्या आसपास, आणि पुढच्या दोन कोपऱ्यांत ४० सुद्धा नाही. एकाच टाकीत, एकाच वेळी इतका फरक! दांडा वर करून लाइट पाण्यापासून २० ऐवजी ३० सेंटीमीटरवर नेला तसा मधला आकडा उतरला, कोपऱ्यांचा थोडा वाढला आणि एकूण पसारा बराच सारखा झाला. तेव्हापासून तो तिथेच आहे. मीटर घेताना तो एलईडीचा निळा प्रकाश नीट मोजणारा आहे ना हे विचारा, काही जुने मीटर निळा कमी दाखवतात. मोबाइलमधली लक्स मोजणारी ॲप या कामाची नाहीत.

म्हणूनच ९० किंवा १२० सेंटीमीटर लांब टाकीसाठी एक मोठा लाइट घेण्यापेक्षा दोन मध्यम घ्या, असं मी ठामपणे सांगेन. एका बिंदूतून येणाऱ्या प्रकाशाची सावली कडक पडते. माझा लेदर मोठा झाल्यावर त्याच्या छत्रीखालचे झोअँथिड देठ लांब करून बाहेर झुकू लागले. ही प्रकाश कमी पडल्याची खूण. टी५ ट्यूबचा, म्हणजे बारीक फ्लुरोसंट ट्यूबलाइटचा, उजेड ढगाळ दिवसासारखा चारी बाजूंनी येतो, सावल्या जवळजवळ नसतात, आणि म्हणून आजही अनेक अनुभवी लोक ट्यूब सोडत नाहीत. पण ट्यूब साधारण ९ ते १२ महिन्यांनी बदलाव्या लागतात, आणि साध्या फिटिंगमध्ये प्रकाश मंद करायची सोय नसते.

ही मंद करायची सोय नवख्यासाठी किती मोलाची आहे, ते कोरल आत आल्यावर कळतं. दुकानातून आलेला फ्रॅग कुठल्या प्रकाशात वाढला हे आपल्याला ठाऊक नसतं. एकदम जास्त प्रकाश पडला की झूझँथेली कोरलबाहेर टाकली जातात आणि कोरल पांढरी पडते. मी सुरुवात निम्म्याहून कमी जोरावर केली आणि काही आठवडे घेऊन हळूहळू वर नेलं. नवीन फ्रॅग आधी वाळूवर ठेवते, मग वर सरकवते. दिवसाचा आराखडा साधा आहे: एकूण ९ तास, सकाळी निळा हळूहळू चढतो, मधले काही तास स्थिर, संध्याकाळी उतरतो. तास वाढवून फायदा होत नाही, ठरावीक मर्यादेनंतर शैवालं जास्तीचा प्रकाश वापरूच शकत नाहीत. पांढरा आणि लाल चॅनल (ॲपमध्ये प्रत्येक रंगाचा जोर वेगळा ठरवता येतो) मी कमी ठेवते, फक्त टाकी बघायला बरी वाटावी इतकाच.

कोरल काय सांगतेय हे वाचायला मात्र वेळ लागतो. मशरूम आक्रसून कडा वळवू लागली आणि फिकी पडली, तर प्रकाश जास्त झालाय. माँटिपोरा तपकिरी होत गेली तर बहुधा प्रकाश कमी आहे, किंवा पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट वाढलंय. हॅमर मिटून बसली तर आधी पाण्याचा प्रवाह तपासा, लाइट नंतर. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोन आठवडे तरी थांबा. घाईने आज दहा टक्के वर, उद्या वीस टक्के खाली असं केलं की कशाचा परिणाम कशावर झाला ते कधीच समजत नाही.

आता तक्रारी. वीज जाऊन आली की माझ्या लाइटचं घड्याळ कधी कधी चुकतं आणि ॲप उघडून पुन्हा जुळवावं लागतं. कोरलना रोज सारखी वेळ लागते, त्यामुळे ही गोष्ट मला खरंच खटकते. पंख्याचा आवाज सुरुवातीला नव्हता, धूळ बसत गेली तसा वाढला, साफ केल्यावर पुन्हा कमी झाला. पाण्याचे तुषार उडून लेन्सवर मिठाचा थर जमतो आणि प्रकाश नकळत घटतो. दर आठवड्याला लाइट बंद करून, थंड झाल्यावर ओल्या मऊ फडक्याने पुसते. वायरीला सॉकेटच्या खाली झोल ठेवलाय, म्हणजे ओघळणारं खारं पाणी प्लगपर्यंत पोचत नाही. आणि जांभळ्या-निळ्या एलईडीकडे थेट बघू नका, मुलांनाही बघू देऊ नका. मंद वाटतात म्हणून डोळे मिटले जात नाहीत, पण प्रकाश जोरदार असतो.

फोटो बघून लाइट निवडणाऱ्यांना एक विनंती. निव्वळ निळ्या उजेडात कोरलमधली चमकणारी प्रथिनं अशी पेटतात की साधा हिरवा झोअँथिडही अद्भुत दिसतो. तो रंग खोटा नाही, पण त्यावरून त्या लाइटखाली कोरल वाढते की नाही हे ठरत नाही. विकणाऱ्याकडे वेगवेगळ्या खोलीवरच्या आणि कोपऱ्यांतल्या पारचा तक्ता मागा. फक्त मधला एक आकडा देत असेल तर दुसरा लाइट बघा. पंखा आणि अडॅप्टर सुटे मिळतात का हेही तेव्हाच विचारा, कारण या लाइटमध्ये बहुधा एलईडीच्या आधी तेच दगा देतात.