मूल हवंय आणि गर्भपिशवीत गाठ (फायब्रॉइड) आहे: कोणतं ऑपरेशन निवडायचं?

तासगाव, जत, विट्याकडून सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन बायका मिरजेला येतात, तेव्हा घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, "गाठ केवढी आहे?" मूल हवं असेल तर आधी विचारा, गाठ आहे कुठे? रिपोर्टात 'सबम्युकस' लिहिलं असेल तर ती अस्तराखालून पोकळीत डोकावते. दोन सेंटिमीटरची असली तरी गर्भ रुजायला तीच जास्त आडवी येते. 'सबसिरस' बाहेरच्या अंगाला असते. तिच्यामुळे दिवस राहत नाहीत असं सहसा होत नाही, म्हणून केवळ त्यासाठी तिला हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. भिंतीतल्या 'इंट्राम्युरल' गाठीबद्दल डॉक्टरांचंही एकमत नाही. ती मोठी असेल किंवा पोकळी दाबत असेल तरच काढण्याकडे कल असतो.

पोकळीतल्या गाठीसाठी हिस्टेरोस्कोपी. दुर्बीण खालच्या मार्गाने आत जाते, पोटावर टाका नाही, बहुतेकींना एक-दोन दिवसांत घरी सोडतात. गाठ भिंतीत खोल रुतलेली असेल तर दोनदा करावं लागू शकतं.

भिंतीतल्या गाठीसाठी पोटावरून दुर्बीण किंवा पोट उघडून. दुर्बिणीत दुखणं कमी, उठून कामाला लागणं लवकर. पण दिवस राहण्याच्या शक्यतेत दोन्हींत ठळक फरक दिसलेला नाही. खरी कसोटी टाक्यांची. गाठ काढल्यावरची खाच थराथराने नीट शिवली गेली नाही, तर पुढे गरोदरपणात पिशवी फाटण्याचा धोका असतो. गाठी पुष्कळ किंवा फार मोठ्या असतील आणि डॉक्टर म्हणाले, "पोट उघडूनच करू", तर त्यांना जुनाट समजू नका. दोन्हींत रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून हिमोग्लोबिन आधी भरून काढा. नंतर साधारण तीन ते सहा महिने दिवस राहू देऊ नयेत.

रक्तवाहिनी बंद करून गाठ सुकवण्याचा उपाय मूल हवं असणाऱ्यांना सहसा पहिला म्हणून सुचवत नाहीत.

यातलं काहीही ठरवण्याआधी नवऱ्याची वीर्यतपासणी झालीच पाहिजे. ती टाळून बाईला टेबलावर घेणं अन्यायाचं आहे.

डिस्चार्ज कार्डावर एक ओळ मागून घ्या: पोकळी उघडली होती का, खाच किती खोल होती. बाळंतपण नॉर्मल की सिझेरियन, हे ठरवताना पुढच्या डॉक्टरांना तीच ओळ लागते.