लकव्यानंतर चालताना: वॉकर की चार पायांची काठी?
घरात कुणाला लकवा मारला की पहिली खरेदी वॉकरची. आधार भक्कम, पडायची भीती कमी. पण ज्या बाजूचा पाय अधू, त्याच बाजूचा हातही बहुधा अधू असतो. मग वॉकर धरणार कशाने? दोन्ही हातांची पकड शाबूत असेल आणि तोल फारच जात असेल, तर तो ठीक. एरवी मला चार पायांची काठी बरी वाटते. ती चांगल्या हातात धरायची (घरचे हमखास उलट देतात), उभं राहून हात खाली सोडला की काठीची मूठ मनगटाच्या रेषेला यावी, आणि ती धरल्यावर कोपर १५ ते ३० अंश वाकलेलं. आधी काठी, मग अधू पाय, मग चांगला. अरुंद जिन्यावर मात्र तिचे चारही पाय पायरीवर मावतात का, ते पाहा. सुरुवातीला अधू बाजूला माणूस हवाच.