गव्हातल्या तणाला ८ ग्रॅमची पुडी : मेटसल्फ्युरॉन मिथाइल २०% डब्ल्यूपी (पाण्यात मिसळायची पावडर)

एकराला फक्त ८ ग्रॅम. एवढ्याशा पुडीने काय होणार म्हणून दोन पुड्या टाकल्या जातात आणि गहू पिवळा पडतो. मग दोष औषधाला.

निफाड-दिंडोरीकडे टू-फोर-डी या तणनाशकाऐवजी हेच घ्यावं, कारण बांधापलीकडे द्राक्षबाग असते. टू-फोर-डी स्वस्त आहे, चंदनबटव्यावर चालतंही. पण त्याच्या एस्टर प्रकाराची वाफ वाऱ्याने जाते आणि वेलीची कोवळी पानं पंख्यासारखी आखडतात. गव्हाची फवारणी येते डिसेंबरात, ऑक्टोबर छाटणीच्या बागा नेमक्या नाजूक अवस्थेत असताना. मेटसल्फ्युरॉनची वाफ जवळपास होत नाही. तुषार उडून गेले तर मात्र द्राक्षाला हेही सोसत नाही, तेव्हा वारा पडल्यावरच फवारा.

पेरणीनंतर ३० ते ३५ दिवस, तण २-४ पानांवर, जमिनीत वाफसा (ओल असावी, चिखल नको). पुडी १.३ लिटर पाण्यात कालवून घ्या आणि १५ लिटरच्या प्रत्येक पंपात १०० मिली टाका; एकरी १३ पंप होतात. पावडर तळाशी बसते, दरवेळी ढवळूनच मोजा. सोबतचं स्टिकर (द्रावण पानावर पसरवून चिकटवणारा द्रव) पंपाला साधारण १५ मिली. नोझल सपाट फवाऱ्याचा हवा. पट्ट्यावर पट्टा चढला की तिथे मात्रा दुप्पट होते.

मरतं ते रुंद पानाचं : चंदनबटवा, रानमेथी, लहान असेल तर गाजरगवतही. लव्हाळा, हरळी, जंगली ओट यांना काही होत नाही. ओटासाठी क्लोडिनाफॉप लागतं. गव्हात मोहरी किंवा हरभऱ्याच्या ओळी असतील तर हे औषध विसरा.

तण उभंच दिसतं म्हणून पाचव्या दिवशी पुन्हा फवारू नका. वाढ आधी थांबते, शेंडा पिवळट-लालसर होतो, वाळायला दोन-तीन आठवडे लागतात.

खरी उणीव पुढच्या पिकाची. सामू (pH) ८ च्या आसपासच्या भारी काळ्या जमिनीत हे औषध सावकाश विघटतं आणि उरलेला अंश पुढच्या पिकाला बाधू शकतो. गहू काढून लगेच मूग किंवा वेलवर्गीय भाजी घ्यायची असेल तर त्या रानाची माती कुंडीत भरून आधी तेच बी उगवून पाहा.

पंप धुण्याच्या सोड्याने तीनदा धुवा. खरं तर वेगळाच ठेवा. तोच पंप टोमॅटोवर गेला तर तळाशी राहिलेला अंशही पुरतो.